सहाव्या अल्बममधली दगडाबाई

दगडाबाई सरवदेंची ढोलकी धर्मापुरीत भर गाण्यात थांबली, तेव्हा वाऱ्याला दोष देणारे पन्नास जण निघाले. खरं काय झालं ते मला एकटीला कळलं, असं निदान मला तरी त्या दिवशी वाटत होतं.

आधी मी कोण ते सांगते. मी स्वप्ना. अंबाजोगाईत माझं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. आयटीआय केलं, दहा वर्षं दुसऱ्यांचे स्पीकर दुरुस्त केले आणि मग स्वतःचं दार उघडलं. आमच्याकडे 'सयांचा जलसा' नावाचा बायकांचा फिरता संगीत महोत्सव आहे. दर मार्चमध्ये तो जिल्ह्यातली नऊ गावं फिरतो. गाणाऱ्या बाया, वाजवणाऱ्या बाया, निवेदन करणारी बाई, आणि तारा ओढत ट्रॉलीवर चढणारी बाई, म्हणजे मी. कार्यक्रम दुपारी तीनला सुरू होतो आणि सहाच्या आत संपतो, कारण ऐकायला आलेल्या बायांना घरी जाऊन भाकरी टाकायची असते. नऊ गावांतली गाणी मी जागेवर रेकॉर्ड करते आणि त्यातली चांगली निवडून दरवर्षी एक अल्बम काढते. पहिले दोन सीडीवर निघाले, पुढचे पेनड्राइव्हवर आणि यूट्यूबवर. कव्हरवर ठळक छापलेलं असतं, 'जसं झालं तसं'. मधेच पोर रडलं, शेळी ओरडली, कुणी उठून नातीला धपाटा घातला, सगळं त्यात ऐकू येतं. लोक त्याच्यावरच खूश असतात. यंदाचा अल्बम सहावा.

आणि पहिल्या वर्षापासून त्यात ढोलकी एकीचीच, दगडाबाईची.

दगडाबाई घाटनांदूरची. वय अठ्ठावन्न. तिच्या आधीच्या दोन बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून हिचं नाव दगडी ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय! बापाचं नाव कचरू, तेही त्याच कारणानं. मरणाला चकवायची रीत त्या घरात जुनीच होती. कचरूबाबा एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. घरी आले की ढोलकी खुंटीला टांगायची आणि पोरीनं तिच्या वाद्या, म्हणजे कडेच्या ताणाच्या दोऱ्या, ताणून द्यायच्या, एवढाच तिचा संबंध. वाजवायचं काम नाही. मग ती ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर शिकली. लग्न झाल्यावर डबा सासरचा झाला, बोटं तीच राहिली. नवरा लवकर गेला. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली आणि रिकाम्या पातेल्यावर ठेका धरायला लागली. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली म्हणे.

एका भीमजयंतीला पार्टीचा ढोलकीवाला आलाच नाही, वाटेत त्याची मोटारसायकल बंद पडली होती. मंडपात खोळंबा. तेव्हा दगडाबाई एक्केचाळीस वर्षांची होती. ती बायांमधून उठली, हात पदराला पुसले आणि ढोलकी मांडीवर ओढली. मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आता बाया ढोलकी बडवणार का बे?" पाच मिनिटांनी तोच गडी मान डोलावत होता. तिथून पुढं सोळा-सतरा वर्षं ती वाजवतेय. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढं चालतही वाजवलं तिनं, कारण आयोजकांना दोन्ही पाहिजे असायचं. त्या स्पीकरचं काय ते पुढं येईलच.

स्वभावानं बाई थोडी घुमी. गप्पांत उशिरा हसायची. हाक मारली तर कधी ओ द्यायची नाही. आम्ही म्हणायचो, कलाकार आहे, तंद्रीत असते. आपल्याला एखादी गोष्ट बघायची नसली की आपण तिला किती छान नाव देतो!

तर धर्मापुरी. देवळाच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत मंच, समोर तीनशे-चारशे बाया. आम्रपाली गात होती. आम्रपाली परळीची, चौतीस वर्षांची, जलशाची मुख्य गायिका. आवाज असा की माइक नसला तरी चालेल. गाणं रंगात आलं आणि शेताकडून एक वावटळ उठली. धूळ, पाचट, कुणाची तरी पिशवी, सगळं मंचावर. आम्रपालीनं गाणं सोडलं नाही. तिनं नुसता पदर तोंडावर ओढला आणि तशीच गात राहिली.

आणि ढोलकी थांबली.

एकदम नाही. आधी एक आवर्तन ती नुसत्या सवयीनं पुढं गेली, मग ठेका गाण्यापासून सुटला, मग गप्प. मी हेडफोन घालून बसले होते, मला ते कानात शिरल्यासारखं ऐकू आलं. मान वर करून बघितलं तर दगडाबाई आम्रपालीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्या तोंडावर पदर होता. मग तिनं पटकन मान खाली घातली आणि वादी सैल झाल्यासारखी ओढायला लागली. वादी सैल झालेली नव्हती. सकाळी मीच तिच्याबरोबर ताणली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी तारा गुंडाळत तिच्यासमोर गेले आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही. "अक्का, ऐकू येतंय का?"

"येतंय की. कावून गं?" ती म्हणाली.

माझ्या हातातलं तारेचं वेटोळं खाली पडलं. मी आवाज काढलाच नव्हता, हे तिलाही कळलं. तिनं माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

"कुणाला बोलू नको, स्वप्ना. तुला मपल्या गळ्याची आण हाय. ढोलकी गेली तर मी निस्ती खिचडीवाली ऱ्हाते."

आता यात आणखी एक बाई येते. तेजश्रीमॅडम. जलशाच्या प्रमुख. जमीनदार घरातल्या, शिकलेल्या, पदरमोड करून हा सगळा गाडा ओढणाऱ्या. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे त्यांना. त्याच संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "धर्मापुरीचं हे गाणं अल्बममध्ये नको. आणि खरं सांगू? दगडाबाई आता थकल्या. रविवारी अंबाजोगाईत शेवटचा कार्यक्रम आहे, मोठा आहे. मी लातूरहून एका मुलीला तो इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड घेऊन बोलावतेय, बाजूला बसून राहील. पुन्हा असं झालं तर तीच वाजवेल, आणि पुढच्या वर्षीपासून कायम तीच."

म्हणजे दगडाबाईची ढोलकी राहणार की जाणार, ते पाच दिवसांनी ठरणार होतं.

मी घरी आले आणि जुनी रेकॉर्डिंग उघडली. इथं माझी स्वतःची गोष्ट सुरू होते, आणि ती सांगायला मला आवडत नाही.

संगणकावर प्रत्येक माइकची वेगळी पट्टी दिसते. आम्रपालीची वेगळी, ढोलकीची वेगळी. तिसऱ्या अल्बमच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं की ढोलकी सगळीकडे केसभर उशिरा पडतेय. मी काय केलं? माऊसनं ती पट्टी केसभर अलीकडे सरकवली. ठेका बरोबर समेवर बसला, म्हणजे गाण्यात जिथं पडायला पाहिजे तिथं. चौथ्या अल्बमला तेच, पाचव्याला जास्त. काही ठिकाणी तर एकेक थाप उचलून जागेवर ठेवली. मनाला सांगितलं, तार लांब आहे म्हणून उशीर होतोय. तारेनं आवाजाला उशीर होत नाही, हे मला आयटीआयच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण पाचवा अल्बम ऐकून लोक म्हणाले, काय नेटकी ढोलकी आहे, आणि मला दुकानासाठी चार नवी कामं मिळाली. कशाला खोलात शिरायचं?

वरून कव्हरवर 'जसं झालं तसं' छापायला मीच पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी घाटनांदूरला गेले आणि दगडाबाईला सरळ धमकी दिली. "आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला, नाहीतर मी मॅडमना फोन लावते." आण मोडायला मी मागंपुढं पाहणार नाही, हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिनं निमूट चप्पल घातली.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, कानाच्या विभागात, डॉक्टरीणबाईंनी तिला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. एकदा वर झालं तेव्हा यंत्रातून काहीच सोडलेलं नव्हतं. बाई डॉक्टरच्या तोंडाकडे बघून अंदाज करत होती.

"नसा कमजोर झाल्या आहेत," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "बरीच वर्षं मोठ्या आवाजाजवळ काम केलंय का? गेलेलं परत येणार नाही. उरलंय त्यावर यंत्र लावता येईल, पण ते बनून यायला दोन-तीन आठवडे, आणि सवय व्हायला महिने. तीन-चार वर्षांपूर्वी आल्या असत्या तर पुष्कळ सोपं गेलं असतं. यांच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही." खोटं बोलताना माझे कान तापले.

दवाखान्यातून आम्ही माझ्या दुकानात आलो. मी चहा मागवला. दगडाबाई कागदावरचा खाली खाली उतरत गेलेला आलेख उलटसुलट करून बघत होती. मग तिनं तो माझ्या टेबलावर आपटला.

"ही मशीन खोटी हाय."

"अक्का, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मग टेपातली ढोलकी काय हाय? मागच्या साली नातीनं मोबाइल लावला, गल्ली जमा झाली. समदे म्हनले, दगडाबाई, तुपला हात लई नेटका. मी बहिरी असते तर टेपात नेटकं कसं आलं आसतं? तूच सांग. तूच तर काढतीस ते."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ऐकायला नव्हे, वाचायला. मान वळवली असती तर तिला काही कळलं नसतं. तेवढी एक पळवाट होती आणि ती घ्यायची मला फार इच्छा झाली, हे कबूल करते.

"मी सरकवलंय, अक्का."

"काय?"

"ढोलकी. तीन वर्षं. तुमची थाप उशिरा पडायची, मी संगणकावर ती अलीकडे सरकवायचे. म्हणून नेटकं वाटतं."

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मी पाचव्या अल्बमची फाइल उघडली, पट्टी दाखवली, माऊसनं सरकवून दाखवली. ती पडद्यावरचे ते उंच-ठेंगणे डोंगर बघत राहिली.  चहावाला कप ठेवून गेला.

"मग ते वाजवलं कुनी?" ती म्हणाली. "तू?"

"नाही अक्का, वाजवलं तुम्हीच, मी फक्त..."

"मी वाजवलं ते येगळं आन लोकानी ऐकलं ते येगळं. मग मपलं काय हाय त्याच्यात? गल्ली मला चांगली म्हनली, ती तुला म्हनली ना?" तिचा आवाज चढला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज चढला की तो किती चढलाय हे त्याला कळत नाही. बाहेर रस्त्यावर दोन माणसं थांबली. "पयल्याच साली मला म्हनली आसतीस, अक्का, तुपला ठेका हुकतोय. मी शिव्या दिल्या आसत्या तुला. पन दवाखान्यात गेले आसते मी! तवाच गेले आसते!"

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं चहा घेतला नाही, पिशवी उचलली आणि दारात थांबून म्हणाली, "ऐतवारी मी वाजवनार. एक थाप जरी हलवलीस तर तुपल्या दुकानाची पायरी चढनार न्हाई."

रविवार उजाडेपर्यंत मी धड जेवले नाही. शाळेच्या मैदानावर गेले आणि आधी मंच बघितला. तेजश्रीमॅडमनी हौसेनं सजवला होता. आम्रपालीला पुढं, मधोमध, स्टँडवरच्या माइकपुढं उभं केलेलं. तिच्या बरोब्बर समोर कॅमेरा. वादक बाया मागं उंच चौथऱ्यावर, झेंडूच्या माळांत. दिसायला झकास. पण तिथून दगडाबाईला आम्रपालीची फक्त वेणी दिसणार होती. चौथऱ्याच्या कडेला लातूरची मुलगी ऑक्टोपॅड घेऊन बसली होती. बिचारी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

"मॅडम, मला जरा तिरकं उभं राहायची सवय आहे," आम्रपाली म्हणाली.

"आज नाही. कॅमेरा समोर आहे. दीड हजार लोक आहेत," मॅडम म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे गेल्या.

आम्रपालीनं वळून चौथऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरलेला होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, पण विचार करायला वेळ नव्हता. निवेदन सुरू झालं.

पहिलं गाणं सरळ होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेका. दगडाबाईनं ते मनातल्या मनात मोजून काढलं. शेवटी एक थाप जास्त पडली, पण टाळ्यांत बुडाली.  दुसरं गाणं आम्रपालीचं स्वतःचं होतं, नवं, 'सांग गं सई, तुझ्या उंबऱ्याचं नाव'. त्यात दर कडव्याला ती 'नाव' या शब्दावर थांबते. ढोलकी बंद, सगळं बंद, ती एकटी तो सूर धरून ठेवते. किती वेळ, ते तिचं तिलाही माहीत नसतं, मनात येईल तितका. तिनं सूर सोडला की त्याच क्षणी ढोलकी पडायला पाहिजे. हे मोजून येत नाही. ऐकूनच येतं, नाहीतर बघून.

मी हेडफोन घातले. 

पहिलं कडवं. "नाव..." सूर निघाला, लांबला. दगडाबाई पुढं वाकली, मान डावीकडे काढली, उजवीकडे काढली. वेणीपलीकडचं तोंड काही दिसेना. आणि ढोलकी पडली. सूर अजून चालूच होता. त्या सुंदर सुरावर धाडकन थाप, मग घाबरून दुसरी, मग शांतता. पुढच्या रांगांत कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि हशा मागपर्यंत गेला. आम्रपाली थांबली.

तेजश्रीमॅडम वाकून माझ्याजवळ आल्या. "तिचा माइक बंद कर. मी त्या मुलीला खूण करते."

ढोलकीच्या माइकचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. खाली ओढायचं, बस. दगडाबाई वाजवत राहिली असती, कुणाला ऐकू गेलं नसतं, तिला तर नाहीच नाही. तीन वर्षं मी जे करत आले त्याचंच हे पुढचं पाऊल होतं.

"नाही करणार," मी म्हटलं.

"स्वप्ना!"

"मॅडम, तिला ऐकू येत नाही. मला माहीत होतं. मी बटण बंद करणार नाही. तुम्हाला करायचं तर तुम्ही करा."

मॅडम बटणांच्या रांगेवर वाकल्या. त्यांना कोणतं बटण ते माहीत नव्हतं, हे आमचं नशीब.

तेवढ्यात मंचावर हालचाल झाली. दगडाबाईनं ढोलकी बाजूला ठेवली होती. माळा बाजूला सारत ती चौथऱ्यावरून उतरली, गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी. मला वाटलं, चालली घरी. पण ती आम्रपालीच्या माइकपाशी आली.  तिनं माइकला तोंड अगदी चिकटवलं, तो कर्कश ओरडला, आणि त्या ओरडण्याचं तिला काहीच वाटलं नाही, कारण तो तिला ऐकूच आला नाही.

"जय भीम समद्यांला. मला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "लई दिसापासून न्हाई. मी तोंड बघून वाजवते. आमरपाली, मपल्याकडं तोंड करून गा. न्हाईतर मी जाते."

एवढं बोलून ती पुन्हा पायऱ्या चढली. कुणी मदतीला गेलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

 आम्रपालीनं माइक स्टँडवरून काढला आणि ती वळली. कॅमेऱ्याकडे पाठ, पाहुण्यांकडे पाठ, दीड हजार लोकांकडे पाठ. चौथऱ्याच्या अगदी पायथ्याशी जाऊन तिनं मान वर केली, दगडाबाईकडे, आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

"नाव..." सूर लांबला. मी डोळे मिटून घेतले होते. लांबला, आणखी लांबला, आणि सुटला. थाप पडली. अशी पडली की माझ्या हेडफोनमध्ये दणका बसला. मैदानावर बाया ओरडल्या. दुसरं कडवं, तिसरं कडवं. मधे दोन ठिकाणी ठेका हुकला, आम्रपालीनं हात वर करून तिला थांबवलं, मानेनं खूण केली आणि पुन्हा बरोबर घेतलं. सगळ्यांसमोर. हसलं मात्र कुणी नाही.

कार्यक्रमानंतर मी आम्रपालीला गाठलं. "तुला माहीत होतं."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "म्हणून तर मी तिरकी उभी राहत होते. तोंड मोठं उघडून गायचे, मांडीवर हातानं ताल दाखवायचे. धर्मापुरीत धूळ आली आणि तेवढं विसरले. वाटलं, बिचारीचं चाललंय तर चालू दे. बोलून कशाला दुखवायचं?"

निवेदन करणाऱ्या बाईनंही नंतर कबूल केलं, ती गाणं सुरू व्हायच्या आधी खूण म्हणून दगडाबाईच्या गुडघ्याला हात लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठ झाकली आम्ही तिघींनी, प्रत्येकीनं दुसरीपासून चोरून, आणि आत कोंडली गेली दगडाबाई. तिचे कान आमच्या चांगुलपणानं गेले नाहीत, ते डीजेनं गेले. पण वाचवता येण्याजोगी तीन वर्षं आमच्या चांगुलपणानं खाल्ली. याचा मला अजून राग येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

तेजश्रीमॅडम चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मंच गोल बांधायचा. गाणारी आणि वाजवणाऱ्या समोरासमोर, प्रेक्षक चहूकडून. दगडाबाईंना तसं कळव." जणू समोरासमोर गायची कल्पना त्यांचीच होती. मी वाद घातला नाही. ढोलकी राहिली, एवढं पुरे होतं.

महिन्याभरानं दगडाबाई आली. कानात यंत्र होतं आणि कपाळावर आठ्या. "समदं पत्र्यावानी वाजतंय," तिनं तक्रार केली. "चुलीवरचं दूध उतू गेल्याला पन आवाज हाय, मला म्हाईतच नव्हतं." पण पायरी चढून आत आली होती.

मी तिला अंबाजोगाईचं गाणं लावून दिलं. ती स्पीकरला जवळजवळ चिकटून बसली, एक तळवा त्याच्यावर ठेवून. माइकचं कर्कश ओरडणं आलं तेव्हा ती दचकली. स्वतःचं बोलणं आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मग गाणं. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्यात तिनं एक बोट वर केलं. तिसऱ्यात पुन्हा केलं.

"हितं हुकलं. आन हितं."

"हो अक्का. दोनच जागी. मी हात लावलेला नाही."  अल्बम दुसऱ्या दिवशी बाहेर जाणार होता, हजारो लोक ऐकणार होते, आणि इतकं होऊनही जुनी खोड जाईना. "दोनच आहेत. तुम्ही म्हणाल तर... सरकवू?"

दगडाबाईनं माझा हात माऊसवरून उचलला आणि टेबलावर बाजूला ठेवला.

"मागल्या तीन टेपांत मपलं काय हाय आन तुपलं काय हाय, मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "हे दोन हुकल्याले मपले हायत. ऱ्हाऊ दे."